मेक्सिकन हॉटेलात पहिल्यांदा जाऊन राहिले? मग हे वाचून जा

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. घरी जवारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा, सणाला पुरणपोळी, पाहुणे आले तर वडा-भात, एवढंच आमचं जेवण अन् त्यातच आम्ही खूश. पण आता गावोगावचे पोट्टे शिकायला अमरावती-नागपूरला राहून राहिले, तिकडे मेक्सिकन जेवणाची हॉटेलं निघाली, अन् वाढदिवस असो, निकाल असो, पहिला पगार असो, पोट्टे घरच्यांना तिकडेच घेऊन जातात. घरचे जातात खरे पण तिथं गेल्यावर काय मागायचं, कसं खायचं, कोणाला विचारायचं हे काहीच माहीत नसते, म्हणून हे लिहून राहिलो.

मला हे लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी बहिणीचा बारावीचा निकाल चांगला लागला म्हणून आम्ही चौघं, माय, बाबा, बहीण अन् मी, अमरावतीला अशाच एका हॉटेलात गेलो. मेनूकार्ड सगळं इंग्रजीत, वेटर वही घेऊन डोक्यावर उभा, मागच्या टेबलावर लोकं हसून बोलून राहिले होते. मी घाईघाईत कार्डावर बोट ठेवत गेलो, हे द्या, हे द्या, हे पण द्या. आलं ते सगळं एकाच चवीचं, मैदा अन् चीज, मैदा अन् चीज. बाबांनी दोन घास खाल्ले अन् म्हणाले, "मले भूक नाही बाप्पा, तुम्ही खा." त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रात्री नऊ वाजता घरी आल्यावर मायनं भाकर वरणात कुस्करून दिली तेव्हा ते जेवले. बिल मी भरलं होतं पण ते दृश्य काही डोक्यातून जात नव्हतं. वेटरला फक्त एवढं विचारलं असतं की भाऊ, आमच्या बाबांना भाकरीसारखं, तिखट, कमी चीजचं काय आहे, तर सगळं वेगळं झालं असतं. तसं काही तरी त्या कार्डावर होतंच, मलाच माहीत नव्हतं.

तर पहिल्यापासून सांगतो.

जायच्या आधी

आधी फोन करा. बरीच हॉटेलं दुपारी बारापर्यंत उघडत नाहीत अन् काही ठिकाणी तीन ते सात किचन बंद असते. आपण गावातून सकाळची एसटी पकडून अकरालाच पोहोचलो तर उन्हात कुठं बसणार, मे महिन्यात अमरावतीचं ऊन काय असते हे सांगायला नको. त्यामुळे साडेबारा-एकचा टाइम धरा, म्हणजे जेवून, थोडी खरेदी करून, परतीची गाडी आरामात भेटते. संध्याकाळी जायचं असेल तर शेवटच्या गाडीचा टाइम आधी पाहून ठेवा, कारण हे जेवण ऑर्डर केल्यावर बनते, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आपल्या खानावळीसारखं ताट तयार नसते.

दुसरं म्हणजे वार अन् तिथी पाहा. एकादशी, चतुर्थी, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार. मका, राजमा, मैदा यातलं काहीच आपल्याकडे उपासाला चालत नाही अन् तिथं साबुदाणा भेटणार नाही. घरात एक जण जरी उपाशी बसला तर बाकीच्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून दिवस बदला.

फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या. व्हेज-नॉनव्हेज दोन्ही आहे का, दोन्हीचा तवा वेगळा आहे का, अन् मक्याच्या पोळ्या भेटतात का फक्त मैद्याच्या. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कशासाठी ते पुढे सांगतो.

आत गेल्यावर

हॉटेलं दोन तऱ्हेची असतात. एकात टेबलावर बसायचं, वेटर येते. दुसऱ्यात काऊंटरवर लाइनीत उभं राहायचं, काचेमागे भात, राजमा, भाज्या, चिकन, चटण्या मांडलेल्या असतात अन् तुम्ही बोट दाखवाल ते माणूस वाडग्यात किंवा पोळीत भरून देते. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी मला दुसरं जास्त सोपं वाटते, कारण वस्तू डोळ्यांनी दिसते. फक्त क्रम समजून घ्या: आधी पोळीत पाहिजे का वाडग्यात, मग भात, मग राजमा, मग मेन भाजी किंवा चिकन, मग चटणी, शेवटी वरून चीज अन् साय. चटणीच्या जागी आलात की थांबवा, "भाऊ, यातली तिखट कोणती, थोडी चाखायला द्या" म्हणा. चमच्यावर देतात, कोणी रागावत नाही.

टेबलावर बसलात तर पाण्याचं आधीच सांगून टाका. वेटर बिसलेरी उघडायच्या आधी साधं पाणी मागा, साधं पाणी फुकट असते. अन् वेटरला सांगा की दादा, पहिल्यांदा आलोत, जरा समजावून सांगा. मी आतापर्यंत पाच-सहा वेळा हे वाक्य बोललो, प्रत्येक वेळी समोरचा पोट्टा खूश होऊन सांगत बसला. बहुतेक वेळा तोही कुठल्या तरी गावचाच निघते, परतवाड्याचा, धारणीचा, मोर्शीचा.

नावं वाचायची कशी

मेक्सिकोत स्पॅनिश बोलतात. स्पॅनिश भाषेत J या अक्षराचा उच्चार ह होते अन् दोन L शेजारी आले की य. म्हणून जलापिनो मिरची लिहिलेलं असते ते खरं हालापेन्यो, टॉर्टिला म्हणजे तोर्तिया, क्वेसाडिला म्हणजे केसादिया. पण याचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे वेटर स्वतः टॉर्टिला अन् जलापिनोच म्हणतात, तसंच म्हटलं तरी सगळं समजते. काही शब्द मात्र पाठ करून जा कारण ते धर्माच्या अन् पोटाच्या कामाचे आहेत: पोयो म्हणजे कोंबडी, कार्ने म्हणजे मांस, पुएर्को किंवा सेर्दो म्हणजे डुकराचं, पेस्कादो मासा, कामारोन झिंगा, फ्रिहोल म्हणजे राजमा, केसो म्हणजे चीज, आरोस म्हणजे भात.

पोळी समजली की सगळं समजलं

आता मुख्य गोष्ट. मेनूकार्डावर चाळीस नावं असली तरी घाबरायचं नाही, कारण त्यातल्या तीसेक वस्तू एकाच पोळीच्या आहेत. त्या पोळीचं नाव टॉर्टिला. आत काय भरलं अन् कशी घडी घातली एवढाच फरक.

टॉर्टिला दोन जातीची. मेक्सिकोतली जुनी, अस्सल म्हणजे मक्याची. मका हे पीकच तिथलं, दक्षिण मेक्सिकोत साधारण 9000 वर्षांपूर्वी एका जंगली गवतापासून लोकांनी ते तयार केलं. गहू नंतर स्पॅनिश लोकांनी नेला, अन् मेक्सिकोच्या उत्तरेकडे गव्हाच्या पोळीची पद्धत पडली. आपल्याकडच्या हॉटेलात बहुतेक वेळा मैद्याची देतात कारण ती फाटत नाही अन् भरायला सोपी जाते. पण ज्याचं पोट भाकरीवर वाढलं त्यानं मक्याचीच मागावी. मैद्याची पोळी बाबांनी बाजूला ठेवली होती, अन् मक्याच्या पोळीचं मात्र काय झालं ते ऐका.

पहिल्या वेळेनंतर सहा महिन्यांनी आम्ही दुसऱ्या एका हॉटेलात गेलो. तिथं तवा समोरच होता, बसल्या जागेवरून दिसे. मायला राहवलं नाही, उठून तिथं जाऊन उभी राहिली. बनवणारा पोट्टा पिठाचा लिंबाएवढा गोळा घेई, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवी, लोखंडी दाबणीत ठेवून दांडा दाबला की हाताच्या पंजाएवढी गोल पोळी निघे, अन् ती कोरड्या तव्यावर टाकली की कडेनं आधी वाळल्यासारखी होई मग उलटली की मधातून फुगे. माय म्हणाली, "काहो भाऊ, हे त आमची भाकरच होय, तुम्ही थापत काऊन नाही?" तो हसला, म्हणाला मावशी, थापतात पण, तिकडच्या म्हाताऱ्या बाया हातावरच थापतात. मग मायनं विचारलं की आमच्याकडे मेळघाटातले लोकं मक्याची भाकर करतात ती अशी लवचिक होत नाही, चिरते, तुमची कशी काय वाकते. तेव्हा त्यानं सांगितलं की मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतो, रातभर तसाच ठेवतो, सकाळी चोळून धुतो, वरचं साल निघून जाते, मग ओला दळतो.

"चुन्यात?" बाबा टेबलावरून उठून आले. खिशातून तंबाखूची चंची काढली, त्यातली चुन्याची डबी उघडून त्याच्यासमोर धरली. "हा?"

"हो काका, हाच. फक्त आमचा खाण्याचा, वेगळा साफ केलेला येतो."

बाबांनी त्या दिवशी पाच पोळ्या खाल्ल्या, राजमा अन् लाल चटणीसंगं. परत येताना एसटीत पूर्ण रस्ताभर चुन्याचंच बोलत होते.

या चुन्याच्या पद्धतीला निक्स्टमलायझेशन म्हणतात, मेक्सिकोत ती हजारो वर्षांपासून आहे. नुसता मका खाल्ला तर त्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागत नाही, चुन्यानं ते मोकळं होते, वरून कॅल्शियमही भेटते. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण ही चुन्याची पद्धत नेली नाही, अन् पुढं इटलीकडच्या गरीब लोकांत, जे मक्यावरच जगत, पेलाग्रा नावाचा चामडीचा अन् डोक्याचा आजार पसरला. त्या मेक्सिकोच्या आयाबायांना कोणत्या प्रयोगशाळेनं हे शिकवलं नव्हतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, म्हणून इतकं लांबवलं. आपल्याकडे सगळीच हॉटेलं घरी मका शिजवत नाहीत, बरेच जण चुन्याचं संस्कार केलेलं तयार पीठ आणतात, ते पण चालते. विचारताना फक्त "कॉर्न टॉर्टिला भेटन का" एवढं विचारा.

आता नावं

टाको म्हणजे लहान पोळी, मधोमध सारण, अर्धी दुमडलेली. मेक्सिकोत ती मऊ असते. कडक, पापडासारखी, यू आकाराची जी भेटते ती अमेरिकेत जास्त चालली. म्हाताऱ्या माणसाला किंवा ज्याची दाढ दुखते त्याला मऊच मागा.

बरिटो म्हणजे मोठ्या मैद्याच्या पोळीत भात, राजमा, भाजी सगळं भरून घट्ट गुंडाळी. नावाचा अर्थ लहान गाढव. एक बरिटो एका माणसाला पुरून उरते, वावरातून आलेल्या भुकेल्या माणसाला हेच सांगा.

केसादिया म्हणजे पोळीत चीज घालून तव्यावर भाजलेली, तिकोनी कापून देतात. लहान पोट्ट्यांना हमखास आवडते. घरात कोणी तिखट खातच नसेल तर हीच.

एंचिलादा म्हणजे "मिरची लावलेली". मक्याची पोळी मिरचीच्या रश्श्यात बुडवून, भरून, वरून अजून रस्सा. आपल्या तर्रीवाल्या माणसासाठी ही वस्तू आहे, पण आपल्याकडे वरून चीज फार घालतात, म्हणून "चीज कमी, रस्सा जास्त" असं सांगून टाका.

नाचोज म्हणजे मक्याच्या पोळीचे तळलेले तिकोनी तुकडे, वर चीज अन् मिरची. ही वस्तू जुनी नाही, 1940 च्या दशकातली. अमेरिकेच्या बॉर्डरवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे, तिथल्या हॉटेलात पलीकडून काही बाया आल्या, आचारी जागेवर नव्हता, मग इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं किचनात होतं ते, पोळीचे तळलेले तुकडे, चीज, मिरची, गरम करून दिलं. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, तेच पदार्थाला पडलं. नाचोज गरम गरम खा, दहा मिनिटांनी नरम पडतात.

फहिता म्हणजे शिमला मिरची, कांदा अन् पनीर किंवा चिकन, तापलेल्या लोखंडी ताटात चरचर आवाज करत येते अन् पोळ्या वेगळ्या देतात. हा अमेरिकेतल्या टेक्सासकडचा प्रकार. ते ताट भयंकर तापलेलं असते, लहान लेकरू मांडीवर असेल तर वेटरला म्हणा की पलीकडच्या बाजूनं ठेवा.

सोबतीला ग्वाकामोली येते. अवाकाडो म्हणून एक फळ आहे, गर लोण्यासारखा, तो ठेचून त्यात कांदा, टमाटर, हिरवी मिरची, सांबार, निंबू. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. अवाकाडो महाग असल्यानं ग्वाकामोलीचे पैसे बहुतेक वेगळे लागतात, आधी विचारा. पिको दे गायो म्हणजे आपली कोशिंबीरच, कांदा-टमाटर-मिरची बारीक चिरून निंबू पिळलेला. सावर क्रीम म्हणजे पातळ केलेल्या आंबट चक्क्यासारखं. अन् रिफ्राइड बीन्स म्हणजे राजमा शिजवून, घोटून, तेलात परतलेला, घट्ट पिठल्यासारखा. दिसायला काही खास नसते पण पोळीला लावून खाल्लं तर जिवाला बरं वाटते, अन् माझ्या मते नव्या माणसानं सुरुवात इथून करावी, चीजपासून नाही.

माळकरी अन् शाकाहारी माणसांसाठी

आमचे मोठे बाबा माळकरी आहेत, म्हणून मी हे प्रत्येक वेळी विचारतो. मेक्सिकोत राजमा परंपरेनं डुकराच्या चरबीत परततात अन् भात कधी कधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. आपल्याकडे जास्त करून तेलच वापरतात, पण विचारायला काय जाते. सरळ विचारा: राजमा कशात परतला, भात कशात शिजवला, तवा अन् कढई वेगळी आहे का. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र अवघड आहे, त्यांच्यासाठी पोळी, चीज, अवाकाडो एवढंच उरते. नीट उत्तर भेटलं नाही, वेटर टाळाटाळ करून राहिला, तर उठून या. नुसतं पाणी पिलं असलं तरी उठायला काही हरकत नाही.

तिखटाचं

आपली माणसं इथं एक चूक करतात. भिवापुरी मिरची खाणारे, सावजी खाणारे आपण, आपल्याला काय तिखट लागणार, असं म्हणून लाल वाटी सरळ पोळीवर ओततात. हालापेन्यो खरंच आपल्या लवंगीपेक्षा बरीच सौम्य असते, व्हिनेगरमधली तर लेकरंही खातात. हीच हालापेन्यो लाल पिकवून धुरावर वाळवली की चिपोटले होते, तिला चुलीवर भाजलेल्या मिरचीसारखा वास असते, ठेचा आवडणाऱ्यानं ती चटणी जरूर मागावी. पण हाबानेरो नाव दिसलं की थांबा. ती दिसायला लहान, नारंगी, पण हालापेन्योच्या कितीतरी पट तिखट. आधी बोटाच्या टोकावर घ्या.

तिखट लागलंच तर पाणी पिऊ नका, मिरचीचा तो जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. सावर क्रीम किंवा चीज खा. घरी आपण दही खातो ते याच्यासाठीच.

हिरवी चटणी असते ती खरी टोमाटियोची. पावसाळ्यात आपल्या धुऱ्यावर कागदी पिशवीतली चिरबोटी उगवते ना, तिच्याच भाऊबंदातलं मोठं फळ. आपल्याकडे ते सहज भेटत नसल्यानं काही ठिकाणी कच्चं टमाटर वापरतात. कच्च्या टमाटरची चटणी आपण घरी करतोच, त्यामुळे मायला ती पहिल्याच घासात ओळखू आली.

अन् ओळखू का येणार नाही. मिरची मूळची तिकडचीच, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. त्याच्या आधी आपण मिरे घालून खात होतो. टमाटर, मका, राजमा तिकडचेच. चिकू पण, नावासकट. विदर्भातल्या स्वयंपाकातून हे सगळं काढून घेतलं तर पाट्यावर वाटायला काय राहते? पाटा-वरवंटाही त्यांच्याकडे आहे, तीन पायांचा, त्याला मेताते म्हणतात, अन् तव्याला कोमाल.

किती मागवायचं

एकदम सगळं मागवू नका. पाच जण असाल तर आधी एक नाचोज, एक केसादिया अन् एक मऊ टाकोची प्लेट, प्लेटमध्ये बहुतेक दोन-तीन टाको असतात, किती ते विचारा. सगळ्यांनी चाखलं की कोणाला काय आवडलं ते समजते, मग एक बरिटो, एक एंचिलादा अन् पाहिजे तर भाताचा वाडगा. बरिटो मधातून कापून द्या म्हणा, दोघांत होते. लक्षात ठेवा, दोन वस्तू चीजच्या असल्या तर तिसरी बिनाचीजची घ्या, नाहीतर आमच्या पहिल्या वेळेसारखं होईल. जेवणाआधी नाचोजवर पोट भरू नका, पोट्टे तेच करतात अन् मग बरिटो तसाच राहते.

शुगर असलेल्या माणसासाठी मैद्याची पोळी अन् भात दोन्ही एकाच वेळी नको. मक्याच्या दोन पोळ्या, राजमा, भाज्या, पिको दे गायो, एवढ्यात चांगलं जेवण होते.

खायचं कसं

हातानं. हे सगळ्यात मोठं समाधान आहे. टेबलावर काटे-चमचे ठेवलेले असतात ते एंचिलादासाठी अन् भाताच्या वाडग्यासाठी, टाको काट्यानं खाणारा माणूस मेक्सिकोत कोणी नाही. हात धुवायची जागा आधी पाहून ठेवा.

टाको उचलायची पद्धत अशी. मऊ टाको ताटातच असू द्या, निंबू पिळा, चटणी मधात एक रेघ टाका, कडेला नको. मग अंगठा अन् दोन बोटांनी वरून धरा, जसा आपण पोळीचा घास धरतो, पण मुठीत दाबायचा नाही. आता टाको तोंडाकडे वाकवू नका, मान वाकवा. टाको आडवाच राहिला पाहिजे, मान तिरपी, तोंड ताटावर. म्हणजे जे गळेल ते ताटात गळते, सदऱ्यावर नाही. दोन-तीन घासांत संपवायचा. गळलेलं सारण उरलेल्या पोळीच्या तुकड्यानं पुसून खा, हे तिकडचे लोकंही करतात, अन् ताटात अन्न टाकायचं नाही हे आपल्याला घरूनच शिकवलेलं आहे. मक्याची पोळी थंड झाली की चिरते, म्हणून पोळ्या फडक्यात गुंडाळून आणल्या असतील तर एक काढली की फडकं परत झाका.

बरिटो चांदीच्या कागदात येते. पूर्ण कागद काढला की सगळं पसरते. वरचा अर्धा कागद सोला, खात जा, तसा तसा खाली सोलत जा.

बाकी कोण पाहते म्हणून लाजू नका. मी दुसऱ्या वेळी शेजारच्या टेबलावर पाहिलं, शहरातलेच कॉलेजचे पोट्टे होते, त्यांचाही टाको गळतच होता.

प्यायला अन् गोड

ओर्चाता भेटली तर घ्या, तांदूळ भिजवून, वाटून, दालचिनी अन् साखर घातलेली, उन्हाळ्यात थंडगार लागते. अन् हामाइका नावाचं लाल सरबत दिसलं तर नक्की घ्या, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं असते. आपण अंबाडीची भाजी खातो, बोंडांचं आंबट-गोड सरबत काही घरी होते, तेच. गोडात चुरो असते, तळलेलं, लांब, वर साखर-दालचिनी, चॉकलेटच्या वाटीत बुडवून खायचं. ठीक आहे, मला विशेष वाटत नाही. चॉकलेट मात्र मेक्सिकोचंच, कोकोचं पेय तिथं फार जुनं.

बिल अन् पार्सल

बिल हातात घेऊन वाचा. खाण्याच्या रकमेवर जीएसटी लागते, साध्या हॉटेलात तो 5 टक्के असते. सर्व्हिस चार्ज वेगळा लिहिला असेल तर तो देणं सक्तीचं नाही, 2022 मध्ये ग्राहक प्राधिकरणानं तसे नियम काढले आहेत, "हा काढून द्या" म्हणायचं. आवाज चढवायची गरज नाही. एकदा आमच्या बिलात न मागितलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या लागल्या होत्या, सांगितल्यावर काढल्या. वेटरनं नीट समजावून सांगितलं असेल तर त्याला हातात वीस-पन्नास रुपये द्या, पोट्टा कोणाच्या तरी घरचा आहे. अन् थोडे नगद पैसे खिशात ठेवा, कधी कधी ऐन वेळी फोन पे अडकते.

उरलं तर लाजू नका, बांधून मागा. बरिटो अन् केसादिया पार्सलला चांगले, घरी तव्यावर दोन्ही बाजूंनी मंद आचेवर गरम करायचे, तेल लागत नाही. चटणी अन् सावर क्रीम वेगळ्या डब्यांत द्या म्हणा. नाचोज पार्सल नेऊ नका, गावी पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होते. ग्वाकामोली पण नको, हवेनं काळी पडते अन् एसटीतल्या गरमीत दोन तासांत चव जाते, ती तिथंच चाटून पुसून संपवा. मक्याच्या साध्या पोळ्या मात्र चार-पाच वेगळ्या बांधून मागा, मिळाल्या तर. आमच्या घरी बाबांसाठी आता दर वेळी येतात, दुसऱ्या दिवशी सकाळी माय त्या चुलीच्या निखाऱ्यावर शेकते अन् वर ओल्या लाल मिरचीचा ठेचा.